गारठ्याची वाट

१४ मार्च

ताई,

तुझी मुंगी पोचली. एवढं कळवायला हे पत्र, आणि तेही तिने मागे लागून लिहायला लावलं म्हणून. "आईला दोन ओळी टाक ना, मावशी." मी म्हटलं, तुझी आई माझी पत्रं वाचत नाही. तर म्हणाली, "मग लिहायला कसली भीती?" बोलणं अगदी तुझ्यावर गेलंय.

आठ वर्षांतलं हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना उत्तर आलं नाही, तेव्हा याच्याही उत्तराची मी वाट बघणार नाही.

मुंगी हे नाव आता तिला शोभत नाही. दाराच्या चौकटीला डोकं लागतं. आल्या दिवशीच दोनदा आपटलं. "मावशी, घर बुटकं झालंय." म्हटलं, घर होतं तेवढंच आहे बाई, तू वाढलीस.

यंदा वरच्या शेतात तंबाखू लावायचा म्हणतेय. तुला विचारून आली का, हे मी विचारलं नाही. विचारून आली असती तर तिच्या हाती तुझी चिठ्ठी असती. मी तिला सांगितलं, तुम्ही गेल्यापासून वर नुसतं गवत आहे. तिथे ओळीने दोन वर्षं ऐन तोडणीत गारठ्याने पीक मारलं, तुझ्या आईबापाने हाय खाल्ली, तू कशाला त्यात पडतेस? ती म्हणाली, "बाबांनी लावणीला उशीर केला म्हणून मेलं ते. आई नेहमी सांगते. मी नाही उशीर करणार."

भावोजींना सकाळ झाल्याचं दुपारी कळायचं, हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे.

वाफे माझ्याच दारात केलेत. चिमूटभर बी राखेत मिसळून तिने स्वतः फेकलं. बी बघून हसत सुटली, "ही धूळ आहे, मावशी, याचं झाड होतं?" होतं. तुझ्या डोक्याइतकं उंच होतं, म्हटलं, फक्त वेळ त्याची त्याला द्यावी लागते.

तुझी धाकटी


३ जून

ताई,

लावण झाली. माझी आधी, तिची दोन दिवसांनी.

अप्पांचा हिशोब तुला आठवतो का, कोण जाणे. तू त्यांचं ऐकून घ्यायचीस कमी आणि त्यांना ऐकवायचीस जास्त. खालच्या बाजारापासून आपल्या दारापर्यंत चढून यायला तीन तास लागतात, म्हणून आपली लावण बाजारालगतच्या शेतांपेक्षा तीन आठवडे मागे. तासाला आठवडा. आणि आपल्या दारापासून वरच्या शेतापर्यंत पाव तासाची चढण, म्हणून तिथे अजून दोन दिवस. शेतकी कचेरीतून येतो तो साहेब आता याच गोष्टीचा छापील कागद वाटतो, मीटरांत लिहिलेला. तो बोलतोही छापल्यासारखाच, म्हणून मुंगीने त्याचं नाव छापील साहेब ठेवलंय. परवा तिला म्हणाला, "उंचीवर हंगाम आखूड असतो. वर थंडी लवकर येते. त्या शेतात जोखीम आहे." ती म्हणाली, "साहेब, जोखीम सगळीकडेच आहे, इथे निदान हवा चांगली आहे."

हवा चांगलीच आहे तिथली. दिवसा ऊन, रात्री गार, पान घाई न करता पिकतं, पातळ होतं, वासाला उतरतं. खरेदीला येणारा पारखी बोटांत चुरून हुंगायचा आणि म्हणायचा, "वरच्या शेताचं वेगळं बांधा." माझं पान बांधताना त्याने कधी वास घेतला नाही. माझं जाड, रुंद, वजनाला भरणारं. माणसांसारखंच, एकीचं कौतुक आणि एकीचा उपयोग.

अप्पांनी तुला वरचं दिलं आणि मला खालचं. मोठीचा मान म्हणून दिलं, एवढंच तू धरून चाललीस. सहा वर्षं त्यांचं अंथरूण मी बदललं. त्यांना कुशीवर वळवायचं, पाठीला तेल लावायचं, रात्री तीनदा उठायचं. तू महिन्यातून एकदा यायचीस, केस विंचरून, आणि ते तुझ्याकडे बघून हसायचे. त्याचंही मला काही वाटलं नव्हतं. वाटलं ते नंतर. ते गेल्यावर तेराजणांसमोर तू म्हणालीस, "उशाशी बसलीस ती शेतासाठीच ना?"

तेराजण होते, मी मोजले होते. पारखी होता, शेजारची म्हातारी होती, तिचा मुलगा होता. आणि तू ते वाक्य परत घेतलं नाहीस.

असो. रोपं तरारलीत. मुंगी रोज संध्याकाळी ओळीओळीतून फिरून मेलेली मोजते आणि त्या जागी नवी लावते. पाठ दुखली की माझ्या पलंगावर पालथी पडते, "मावशी, पाय दे." मी पाठीवर पाय देते. तेवढ्यापुरतं मला बरं वाटतं.


१९ जुलै

ताई,

तुझ्या लेकीने काठ्यांना थर्मामीटर बांधलेत. वरच्या शेतात तीन, माझ्यात दोन. रोज पहाटे चिखलाचे बूट चढवून वाचायला जाते आणि येऊन चहा पिता पिता आकडे लिहिते. आज वहीवरून मान वर करून म्हणाली, "मावशी, हे उलटंच आहे. वरच्या शेतात अगदी माथ्यावर गरम आहे आणि खाली कुंपणाजवळ गार. चार अंशांचा फरक. आणि कुंपण ओलांडून तुझ्या शेतात आलं की परत गरम. असं कसं?"

मी म्हटलं, स्वस्तातले घेतलेस, बिघडले असतील.

"तीनही?"

एकाच डब्यातले ना, म्हटलं.

तिने ऐकलं. माझं ऐकते ती. उद्या अदलाबदल करून बघते म्हणाली. मी म्हटलं, ते सोड, शेंडे खुडायला आलेत, फुलं दिसायला लागली की पानातलं सगळं फुलात जातं, आधी ते काम बघ. कामाला लावलं की ती विसरते.

मधल्या झाडांच्या कुंपणाबद्दल तुला माहीत नसेल. तुम्ही गेलात तेव्हा डोक्याच्या जरा वर होतं. आता घरापेक्षा उंच आहे, आणि इतकं दाट की कोंबडी शिरत नाही. तुझं माझं तोंड एकमेकींना दिसू नये म्हणून लावलं होतं, तुझ्या त्या वाक्यानंतर पंधरा दिवसांत. हे मी लपवत नाही. तुलाही तेव्हा ते बरंच वाटलं होतं. "लाव, लाव, पुण्य लागेल," असं वरून ओरडली होतीस.


३० ऑगस्ट

ताई,

तोडणी सुरू झाली. खालची पानं आधी, मग वर वर, आठवड्याला तीन-चार. पहिल्याच दिवशी तुझी लेक दव असताना ओल्या पानांत शिरली. मी ओरडत होते, थांब, ऊन येऊ दे, ओल्या पानाचं विष अंगात जातं. "काही होत नाही, मावशी." दहा वाजता बांधावर बसून ओकत होती. दिवसभर उशाशी बसले. तिने माझा हात धरून ठेवला होता. बोटं चिकाने काळी झालेली, एकमेकांना चिकटत होती, आणि ती झोपेत हसली.

मी हे तुला जळवायला लिहीत नाही. किंवा थोडं जळवायलाच लिहितेय.

बरी झाल्यावर वाळवणासाठी पानं दोऱ्यात ओवायला बसलो. बोलता बोलता भावोजींचा विषय निघाला. दर महिन्याला ती त्यांना भेटायला जाते हे तुला ठाऊक असेलच. गोदामात पोती उचलतात, एका खोलीत एकटेच राहतात. म्हणाली, "बाबांचं एकच असतं, मावशी. लावणीची तारीख त्यांनी कागदावर लिहून ठेवलीय, दोन्ही वर्षांची. दर वेळी दाखवतात आणि विचारतात, मी नक्की किती दिवस उशीर केला होता गं? मी काय सांगू? आई म्हणते खूप केला."

मी तारखा विचारल्या. तिला पाठ होत्या.

त्यानंतर माझ्याकडून सुई दोनदा बोटात गेली. ती म्हणाली, "मावशी, तू दमलीस, ऊठ." मी उठले.

वरची पानं फार सुंदर आलीत, ताई. हिरव्यावर पिवळी छटा चढायला लागलीय, सगळ्यांत वरची सहा-सात पानं अजून पाच-सहा आठवडे तरी मागतील. त्यांचाच वास. तीच आधी तोडली तर ती हिरवीच वाळतील, इथल्या कोरड्या वाऱ्यात हिरवं एकदा पानात बसलं की उतरत नाही. मुंगी म्हणते, थांबायचं. थांबायलाच हवं. अप्पाही थांबले असते.


४ ऑक्टोबर

ताई,

दोनच ओळी. काल दुपारी वारा पडला, आभाळ धुतल्यासारखं झालं. दहिवर पडणार, दव गोठून पांढरं होणार, हे शेजारच्या म्हातारीच्या गुडघ्यांनाही कळलं. मुंगी वर पानांकडे बघत उभी होती. सगळी तोडायला आम्ही दोघी पुरणार नव्हतो, आणि अजून तोडण्याजोगी नव्हतीही.

मी करवत घेऊन कुंपण तोडलं. सगळं नाही, मधल्या घळीपाशी, गाडी जाईल अशा चार जागी. सरपण लागतंच हिवाळ्यात. मुंगीही आली मदतीला.

तिचं पीक वाचलं. माझ्या खालच्या नऊ ओळी गेल्या. तेवढं चालायचंच.


२३ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र आलं.

आठ वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून 'मी'ची वेलांटी मागे फेकतेस. अकरा वेळा वाचलं. "मुंगीने सगळं लिहिलं. स्वतःचं पीक घालवून तू तिचं वाचवलंस. मी तेव्हा सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं. रोज आठवतं. डिसेंबरात येते. एकाच खोलीत झोपू, पूर्वीसारखं, आणि तू घोरलीस तर मी नाक दाबीन."

तीन दिवस मी ते पत्र खरं मानून जगले. मागची खोली झाडली. तुझी उशी उन्हात टाकली. मुंगीला म्हटलं, तुझी आई येतेय, तर तिने मला उचलून गरकन फिरवलं. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला.

आता हे वाच, आणि मग ठरव.

थंडी पाण्यासारखी वाहते, ताई. हे छापील साहेबाच्या कागदावर नाही, पण अप्पांना ठाऊक होतं आणि त्यांनी मला दाखवलं होतं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. वारा नसलेल्या संध्याकाळी त्यांनी वरच्या शेतात ओला पेंढा पेटवला. धूर वर गेला नाही. जमिनीला धरून उतारावरून सरपटत खाली आला, घळीतून, आणि आपल्या वाळवणघराच्या लांब भिंतीला अडून तिथे तळ्यासारखा साठला. "बघ," म्हणाले, "गारठा याच वाटेने येतो. वरच्या शेतातून तो नुसता जातो. खालच्यात मुक्काम करतो." म्हणून दरवर्षी दहिवर आधी खालच्या ओळींवर पडायचं. वरचं शेत उंच असूनही वाचायचं. अप्पांनी मला खालचं दिलं तेव्हा गारठ्याच्या मुक्कामाची जागा दिली, हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. तुला नव्हतं.

कुंपण लावलं ते खरंच तोंड न दिसण्यासाठी. त्यात दुसरं काही नव्हतं, एवढं तरी माझं ऐक. तिसऱ्या वर्षी ते खांद्याएवढं आणि दाट झालं. त्या ऑक्टोबरात एका सकाळी मी दार उघडलं आणि माझं शेत पूर्ण हिरवं होतं. माझं, ताई! आयुष्यात पहिल्यांदा. आणि कुंपणाच्या पलीकडे, तुझ्या शेतात, सगळं पांढरं. गारठा खाली यायला निघाला होता, कुंपणाने अडवला, आणि तो तुझ्या ओळींत वरपर्यंत साठत गेला. ऊन आल्यावर तुझी पानं शिजवल्यासारखी काळी पडली. मी कुंपणाच्या या बाजूला उभी होते. तू त्या बाजूला भावोजींना बोलत होतीस. "दोन दिवस आधी लावलं असतंस तर! दोन दिवस!" ते म्हणत होते, "अगं, अप्पांच्या हिशोबानेच लावलंय." तू म्हणालीस, "तुला हिशोब कधी जमला?"

मला त्याच क्षणी कळलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीला जे कळलं ते मला कळणार नाही का?

हिवाळाभर मी स्वतःला सांगत होते की वसंतात कुंपण छाटू. वसंत आला. मी कात्री घेऊन गेले. खालच्या बाजूने चार-पाच ठिकाणी फटी होत्या, तिथून थोडा गारठा माझ्याकडे झिरपला असावा, कारण त्या फटींसमोरची माझी काही रोपं आदल्या वर्षी खुरटली होती. मी फटी बघत बसले. मग घरी जाऊन कलमं आणली आणि त्या फटी बुजवल्या. एकेक. पाणी घातलं. मुळाशी माती दाबली.

हे मी तुला का लिहितेय हे मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. पहिल्या वर्षाला नकळत म्हणता येतं. दुसऱ्या वर्षाला नाही. दुसऱ्या वर्षी तुझं शेत माथ्यापर्यंत गेलं, आणि माझं पीक उभ्या जन्मात आलं नव्हतं तसं आलं. छापील साहेब म्हणाला, उंचीमुळे. शेजारी म्हणाले, लावणीला उशीर. तू म्हणालीस, नवरा आळशी. सगळ्यांकडे आपापलं कारण होतं. खरं कारण एकटीकडे होतं, आणि ती दारात उभी राहून पानं ओवत होती. तुमची भांडणं इथपर्यंत ऐकू यायची. भावोजींचा आवाज दर आठवड्याला लहान होत गेला, मग ऐकूच येईना. तुम्ही सामान भरलंत त्या दिवशी ते कुंपणापाशी आले होते. फांद्यांतून दिसत नव्हते, नुसता आवाज. "धाकटे," म्हणाले, "तुझं यंदा छान आलं. जमलं बाई तुला." टोमणा नव्हता तो. त्यांना टोमणे मारता येत नसत.

मी म्हटलं, नशीब.

मार्चच्या पत्रात त्यांची सकाळ दुपारी होते म्हणून मी टिंगल केली, ती तू वाचली असशील. आठ वर्षं तीच टिंगल चालवून मी स्वतःला सांभाळलं. त्यांनी दोन्ही वर्षी योग्य दिवशी लावण केली होती. एक दिवसाचाही उशीर नव्हता. मुंगीने तारखा सांगितल्या आणि मी बोटांवर मोजलं. आधीही ठाऊक होतंच, त्या दिवशी आकड्यांत ठाऊक झालं.

आता मुंगीला वाटतं तिची मावशी देवमाणूस आहे. तुलाही तेच वाटतंय. कुंपण तोडल्यावर ती म्हणाली, "मावशी, हे तुला सुचलं कसं?" मी म्हटलं, आज सुचलं. माझ्या नऊ ओळी गेल्याचं दुःख तिने माझ्यापेक्षा जास्त केलं. दोन दिवस मला भांडीसुद्धा घासू दिली नाहीत. त्या नऊ ओळी मी कुणासाठी दिल्या नाहीत, ताई. त्या माझ्या वाट्याच्याच होत्या. दोन वर्षं तू माझ्या वाट्याच्या भोगल्यास, आणि त्यानंतर वरचं शेत रिकामं असताना मी मजेत पिकवलं.

तुझं ते वाक्य अजूनही मला माफ करता येत नाही. हेही खरं आहे, तेव्हा लिहिते. तू क्षमा मागितलीस ती मी परत पाठवतेय, कारण तुला वाटतंय तुझ्या एका वाक्याच्या बदल्यात मी आठ वर्षं गप्प राहून मोठेपणा दाखवला. मी गप्प होते कारण बोलले असते तर कुंपण तोडावं लागलं असतं. एवढंच होतं त्यात.

हे सगळं मी दोनदा लिहिलंय. दुसरी प्रत भावोजींसाठी.

हे शेवटचं, पाकीट बंद करण्याआधी लिहितेय. दोन्ही पत्रं मी मुंगीला वाचायला दिली. तुमच्याकडून तिला कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून. ती उभ्यानेच वाचत होती. वाचून झाल्यावर तिने भावोजींचं पाकीट उचललं, माझ्या हातातलं पेन घेतलं, मी लिहिलेला पत्ता खोडला आणि खाली दुसरा लिहिला. तिथून कधीच हलले म्हणे ते. मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं कधी.

आता बूट घालून दारात उभी आहे, टपाल टाकायला जायला. मी सांगितलेलं नाही. माझ्याकडे बघत नाहीये. "झालं का?" एवढंच विचारतेय. पुढे मावशी म्हटलं नाही.